तंबाखू, जनुक आणि नशीब : तोंडाच्या कॅन्सरचा चारशे वर्षांचा इतिहास

तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की मोहल्ल्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘माझे आजोबा ऐंशी वर्षं जगले, रोज तंबाखू खायचे, त्यांना कुठं काय झालं?’ दुसरं नेमकं उलट, ‘त्या पोरानं पाच-सहा वर्षंच गुटखा खाल्ला आणि तिशीत गेला.’ दोन्ही खरी असतात. या दोन खऱ्या वाक्यांमधून आपण एक तिसरं वाक्य तयार करतो, ‘ज्याच्या नशिबात असतं, त्यालाच होतं.’ एवढं म्हटलं की चर्चा संपते आणि खिशातली पुडी बाहेर येते.

तंबाखू तीच, सवय तीच, मग एकाला आजार होतो आणि दुसऱ्याला नाही, असं का? दोघांनाही झाला, तर एकाची गाठ वर्षभर जागची हलत नाही आणि दुसऱ्याची काही महिन्यांत मानेपर्यंत पोहोचते, ते का? हे प्रश्न डॉक्टरांनाही पडले. त्यांची उत्तरं शोधताना विज्ञान जनुकांपर्यंत, म्हणजे आपण ज्याला जीन म्हणतो तिथपर्यंत पोहोचलं. आता शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही ‘नशीब’ हा शब्द जाऊन ‘जीन’ आला आहे. ‘त्याचे जीन्सच तसे असतील,’ असं सहज म्हटलं जातं.

मी डॉक्टर नाही. इतिहास वाचणारा आणि लिहिणारा माणूस आहे. पण या आजाराचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की ‘जीन’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. त्यांची गल्लत झाली तर फायदा फक्त पुडी विकणाऱ्याचा होतो. ती गल्लत सोडवायची तर थोडं मागं जावं लागेल, थेट विजापूरच्या दरबारापर्यंत.

विजापूरहून आग्र्याला

सुपारी आपल्याकडे फार जुनी. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने पानाचं, सुपारीचं आणि विडा देण्याच्या रिवाजाचं वर्णन केलं आहे. तंबाखू मात्र परदेशी पाहुणी. अमेरिका खंडातली ही वनस्पती पोर्तुगिजांमार्फत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि गोव्याला लागून असलेल्या आदिलशाही मुलखात पसरली. मोगल दरबारात ती पोहोचली तीही दख्खनमधूनच.

हा किस्सा असद बेग या मोगल अधिकाऱ्याने स्वतः लिहून ठेवला आहे. अकबराने त्याला १६०३च्या सुमारास विजापूरला धाडलं होतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहच्या मुलीचा विवाह शहजादा दानियालशी व्हायचा होता, त्यासंबंधीची ही कामगिरी होती. विजापुरात असद बेगने तंबाखू पहिल्यांदा पाहिली. परतताना त्याने तंबाखू आणि ती ओढण्यासाठी रत्नजडित नळी सोबत नेली आणि बादशहापुढे पेश केली. अकबराने कुतूहलाने एक-दोन झुरके घेतले. शाही हकीमाने त्याला थांबवलं. हकीमाचं म्हणणं सरळ होतं : या वनस्पतीबद्दल आपल्या ग्रंथांत काहीच लिहिलेलं नाही, जिचा अनुभव नाही ती वस्तू मी बादशहांना कशी घेऊ देऊ? असद बेगने प्रतिवाद केला, की फिरंगी काही अडाणी नाहीत, त्यांच्यातही शहाणे लोक आहेत, आणि प्रत्येक औषध कधी ना कधी नवंच असतं. अकबराला युक्तिवाद आवडला. त्याने स्वतः मात्र सवय लावून घेतली नाही. दरबारी अमीर-उमरावांनी लावून घेतली, आणि मग व्यापारी ती सर्रास विकू लागले.

या वादात असद बेग चतुर वाटतो. पण आज वाचताना मला हकीमाची बाजू जास्त पटते. तो तंबाखूला हराम म्हणत नव्हता की परकी म्हणून नाकारत नव्हता. तो पुरावा मागत होता. अडचण एवढीच होती, की तसा पुरावा जमा करण्याची यंत्रणा तेव्हा जगात कुठेच नव्हती. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. बंदी टिकली नाही. तंबाखू हुक्क्यात गेली, बिडीत गेली, चुन्याबरोबर तळहातावर आली आणि जुन्या विड्यातही शिरली. हकीमाने मागितलेला पुरावा मिळायला आणखी तीन शतकं जावी लागली.

वंश की सवय?

तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गोळा झाला दक्षिण टोकाला, त्रावणकोरमध्ये. आज कन्याकुमारी जिल्ह्यात असलेल्या नेय्यूर गावी मिशनचं इस्पितळ होतं. तिथल्या शल्यविशारदांकडे गालाच्या आणि जिभेच्या कॅन्सरचे इतके रुग्ण येत, की १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांच्या शस्त्रक्रियांचे आकडे छापून आले. इंग्लंडमधल्या डॉक्टरांना हे नवल होतं. कॅन्सर हा ‘सुधारलेल्या’ समाजांचा आजार आहे आणि हिंदी लोकांना तो क्वचितच होतो, अशी समजूत तेव्हा प्रचलित होती. मग त्रावणकोरच्या लोकांच्या रक्तात काही वेगळं आहे का? हवामानाचा दोष आहे का? नेय्यूरच्याच डॉ. ऑर यांनी १९३३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिताना तंबाखू घातलेल्या विड्याकडे बोट दाखवलं.

काश्मीरचं उदाहरण याहून बोलकं आहे. थंडीत फिरनच्या आत कोळशाची कांगडी धरून बसणाऱ्या काश्मिरींना पोटाच्या आणि मांड्यांच्या त्वचेचा कॅन्सर होतो, हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं गेलं होतं. तिथं काश्मिरी रक्ताला दोष देण्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण कांगडी डोळ्यांना दिसत होती. गालात ठेवलेली गोळी दिसत नाही, एवढाच फरक.

मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळेची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातल्या पॅथॉलॉजी या शाखेचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी रूढी-वापरांमुळे होणाऱ्या कॅन्सरचे तीन नवे प्रकार मांडले. आंध्र किनाऱ्यावर पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांना टाळूचा, बिहारमध्ये खैनी ओठात धरणाऱ्यांना खालच्या ओठाचा, आणि धोतराच्या घट्ट गाठीने वर्षानुवर्षं कातडी घासल्यामुळे कमरेचा.

मुंबईसारखं शहर या कामासाठी अचूक होतं. मराठी, गुजराती, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या समाजांचे लोक एकाच रुग्णालयात येत आणि प्रत्येकाच्या खाण्या-ओढण्याच्या रीती वेगळ्या. खानोलकरांच्या कामातून निघालेला निष्कर्ष असा, की हिंदी माणसाला कॅन्सर कमी होतो हे खरं नाही. तो शरीरात कुठे होतो, हे बऱ्याच अंशी समाजाच्या सवयी ठरवतात. ‘त्यांच्यात हे जास्तच असतं’ असं एखाद्या समाजाकडे बोट दाखवून आजही बोललं जातं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या या कामात त्याचं उत्तर आहे : ‘ते’ कोण आहेत हे विचारण्याआधी त्यांच्या गालात काय आहे ते बघा.

आनुवंशिकता जाणणारा माणूस

खानोलकरांचे सहकारी एल. डी. संघवी हे या इतिहासातलं माझं आवडतं पात्र. संघवी आनुवंशशास्त्राचे अभ्यासक. १९४९ मध्ये खानोलकर आणि संघवी यांनी मुंबईतल्या सहा समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे समूह असे निवडले होते, की त्यांच्यात आपापल्या जातीतच लग्नं होतात. त्या प्रत्येकात सात आनुवंशिक गुण किती प्रमाणात आढळतात, हे तपासलं होतं. म्हणजे मुंबईच्या माणसांत जन्मजात फरक असतात आणि ते मोजता येतात, हे संघवींइतकं चांगलं तेव्हा फार थोड्यांना माहीत असेल.

हेच संघवी १९५५ मध्ये राव आणि खानोलकर यांच्यासह ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहितात, तेव्हा विषय असतो तंबाखू चघळणं, ओढणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर. चघळणाऱ्यांचा आजार प्रामुख्याने तोंडात, तर बिडी ओढणाऱ्यांचा जिभेच्या मुळाशी, घशाकडे आणि अन्ननलिकेकडे, असा नकाशाच त्यातून पुढे आला. तंबाखूचा ज्या जागेशी जास्त संबंध येतो, ती जागा आजारी पडते. रक्ताच्या अभ्यासकाने रक्ताकडे बोट दाखवण्याचा मोह टाळून सवयीकडे बोट दाखवलं होतं.

मग हा शोध गावांपर्यंत गेला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या पुढाकाराने दंतवैद्यकाचं एक पथक तयार झालं. त्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. एवढ्या मोठ्या लोकसंख्येत कॅन्सर आणि त्याआधी उमटणारे पांढरे चट्टे शोधण्याचं काम तोवर जगात क्वचितच झालं असेल. बायकांची मिश्रीसुद्धा अभ्यासाच्या टप्प्यात आली. आपल्या घरांत ‘दात घासायची’ म्हणून जिची गणना कधी व्यसनात होत नाही, ती ही मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखूच.

कंपन्यांना जीन का आवडला?

याच दशकांत इंग्लंड-अमेरिकेत वेगळा खेळ सुरू होता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध १९५०च्या अभ्यासांनी उघड केला होता. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी १९५४ मध्ये संशोधनाच्या नावाने एक समिती उभी केली आणि तिच्या वैज्ञानिक कामाचं प्रमुखपद क्लॅरेन्स कुक लिटल यांना दिलं. लिटल हे उंदरांवर काम केलेले नामवंत आनुवंशशास्त्रज्ञ. कॅन्सरचं मूळ आनुवंशिकतेत आहे, यावर त्यांचा पूर्वीपासून भर होता. कंपन्यांना असाच माणूस हवा होता.

इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी १९५७-५८ मध्ये हाच मुद्दा अधिक कौशल्याने मांडला. आधुनिक संख्याशास्त्राच्या शिल्पकारांपैकी ते एक. त्यांनी म्हटलं, की सिगारेटमुळे कॅन्सर होतो असं मानण्याची घाई कशाला? कदाचित एखादा जनुक असा असेल, जो माणसाला सिगारेटकडेही ओढतो आणि कॅन्सरकडेही. हुबेहूब जुळ्यांच्या सवयी एकमेकांशी जास्त जुळतात, असा दाखलाही त्यांनी दिला. फिशर तेव्हा तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते आणि स्वतः पाइपचे शौकीन.

एक योगायोग मला विलक्षण वाटतो. संघवी-खानोलकरांचा १९४९चा लेख लंडनच्या ज्या नियतकालिकात आला, त्याचं संपादन काही वर्षांपूर्वीपर्यंत याच फिशर यांच्याकडे होतं. म्हणजे एकाच विद्येची ही दोन माणसं. परळमधल्या अभ्यासकाने ती विद्या हाताशी असताना तंबाखूला कारण ठरवलं. जगप्रसिद्ध पंडिताने तीच विद्या तंबाखूच्या बचावाला दिली. काळाने कुणाच्या बाजूने कौल दिला, हे सांगायला नको. पण फिशर यांचा युक्तिवाद मेलेला नाही. ‘ज्याचे जीन्स तसे, त्यालाच होतो’ हे आपलं आजचं वाक्य म्हणजे त्याचीच घरगुती आवृत्ती.

मूळ प्रत आणि नक्कल

इथे ती गल्लत सोडवू या. जुन्या हस्तलिखितांचं उदाहरण सोपं पडेल. कातिब मूळ प्रतीवरून नक्कल उतरवतो. कधी मूळ प्रतीतच एखादा शब्द वेगळा असतो. मग प्रत्येक नकलेत तो तसाच उतरतो. कधी मूळ प्रत ठीक असते, पण नक्कल करताना कुणीतरी पानावर शाई सांडतं. मग चूक त्या नकलेत आणि तिच्यावरून पुढे केलेल्या नकलांतच राहते.

शरीरातही असंच आहे. आई-वडिलांकडून आलेले जनुकांचे फरक जन्मापासून प्रत्येक पेशीत असतात आणि मुलांनाही जाऊ शकतात. दुसऱ्या प्रकारचे बदल जन्मानंतर, गालाच्या किंवा जिभेच्या एखाद्या पेशीत घडतात. ते मुलांना जात नाहीत. ही पेशी वाढते, तिच्या नकला वाढतात, आणि त्यातून गाठ तयार होते. दोन्हींना आपण ‘जीनमधला दोष’ म्हणतो. पण पहिला वारशाने मिळालेला असतो आणि दुसरा बहुतेक वेळा आपण किंवा आपल्याला माल विकणाऱ्याने सांडलेली शाई असते.

हस्तलिखितांच्या परंपरेत नक्कल झाल्यावर ती मूळ प्रतीशी ताडून पाहण्याची पद्धत होती. पेशीत हे काम करणाऱ्या यंत्रणेतला एक मुख्य घटक आहे ‘पी-५३’. १९७९ मध्ये हे प्रथिन सापडलं. गंमत म्हणजे पहिली दहा वर्षं त्याला कॅन्सर वाढवणारा समजलं गेलं, कारण प्रयोगशाळांत हाताळल्या गेलेल्या त्याच्या प्रती आधीच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये उलगडलं, की हा तर पहारेकरी आहे. डीएनएला इजा झाली की तो पेशीला थांबवतो, दुरुस्तीला वेळ देतो. दुरुस्ती होणार नसेल तर पेशीला मरायला लावतो. पहारेकरीच जायबंदी झाला, तर बिघडलेली पेशी बिनधास्त वाढते.

आता तंबाखूचा याच्याशी संबंध. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९९५ मध्ये डोकं आणि मानेच्या भागातल्या कॅन्सरचे १२९ रुग्ण तपासले. जे सिगारेट आणि दारू दोन्ही घेत, त्यांच्यातल्या ५८ टक्क्यांच्या गाठींत पी-५३ बिघडलेला होता. सिगारेट ओढणाऱ्या पण दारू न पिणाऱ्यांत हे प्रमाण ३३ टक्के, आणि दोन्हींपासून दूर असणाऱ्यांत १७ टक्के. हकीमाने मागितलेला पुरावा आता पेशीच्या अक्षरांत वाचता येत होता.

गाठ आक्रमक का होते?

पुढचा प्रश्न होता, गाठीच्या स्वभावाचा. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून शस्त्रक्रिया झालेल्या ४२० रुग्णांचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून थोड्या जास्त, म्हणजे २२४ जणांच्या गाठींत पी-५३मध्ये बदल होते. पण सगळे बदल सारखे नसतात. काहींमुळे पहारेकरी थोडा लंगडतो, काहींमुळे त्याचा हातच तुटतो, म्हणजे डीएनएला धरण्याची त्याची ताकद जाते. ज्यांच्यात असे मोडतोड करणारे बदल होते, त्यांच्या मृत्यूचा धोका, बदल नसलेल्यांच्या तुलनेत, सुमारे १.७ पट होता. एकाच टप्प्यावर निदान झालेल्या दोन रुग्णांची वाट वेगळी का होते, याचं एक ठोस कारण हाती आलं.

घशाच्या काही कॅन्सरची कथा वेगळी निघाली. तिथं एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे आजार होतो. त्यात पी-५३चा जनुक सहसा शाबूत असतो, आणि असे रुग्ण उपचारांना जास्त चांगला प्रतिसाद देतात. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार वाढतो आहे. आपल्याकडचा मुख्य आजार मात्र गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीचा, जिथं गोळी धरून ठेवली जाते.

त्यामुळे पाश्चात्त्यांच्या गाठी वाचून आपलं भागणार नव्हतं. कॅन्सरच्या जनुकीय अभ्यासाचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, तेव्हा भारताने स्वतःसाठी नेमका हाच गाल-हिरडीचा कॅन्सर निवडला. बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र यांनी मिळून ते काम केलं. प्रा. पार्थ मजुमदार हे त्यातलं महत्त्वाचं नाव. आधी ५० रुग्णांच्या गाठींतले जनुक वाचले गेले, मग आणखी ६० रुग्णांत ते पडताळले गेले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. पी-५३, फॅट-१, कॅस्प-८, एच-रास, नॉच-१ हे ओळखीचे जनुक सापडलेच; शिवाय यूएसपी-९एक्स, एमएलएल-४, एरिड-२, यूएनसी-१३सी आणि टीआरपीएम-३ असे पाच जनुकही या आजारात वारंवार बिघडलेले दिसले. म्हणजे वरून एकसारखी दिसणारी गालातली गाठ आतून वेगवेगळ्या जातींची असते.

हे सगळे बदल गाठीतले, म्हणजे जन्मानंतर झालेले. रुग्णाचं रक्त आणि गाठ दोन्ही शेजारी ठेवून, जे रक्तात नाही पण गाठीत आहे, तेच मोजलेलं. आजार आक्रमक करणाऱ्या बदलांची मोठी यादी आपल्यासमोर आहे आणि ती आई-वडिलांनी दिलेली नाही.

मग जन्मजात काहीच नसतं का?

असतं. तंबाखूतली विषारी द्रव्यं निकामी करायला शरीर काही विकरं बनवतं. त्यांपैकी एकाचा जनुक, जीएसटीएम-१, जगातल्या कोट्यवधी माणसांत जन्मतःच नसतो. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवलं, की असा जनुक नसणाऱ्यांना तोंडाच्या कॅन्सरचा धोका अधिक दिसतो. पी-५३च्या मूळ मजकुरातही ७२व्या जागी लोकांत दोन पाठभेद आढळतात. १९९८ मध्ये त्यांपैकी एका पाठभेदाचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी घट्ट संबंध असल्याचा दावा झाला आणि जगभर उत्साह पसरला. पुढच्या अनेक अभ्यासांत तो टिकला नाही. जन्मजात फरकांच्या बाबतीत असं वारंवार घडलं आहे. एका ठिकाणी ठळक दिसलेला फरक दुसरीकडे पुसट होतो, कारण एकेका पाठभेदाचा परिणाम लहान असतो.

थोडे अपवाद आहेत. फॅन्कोनी अॅनिमिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात तंबाखूला हात न लावताही तरुण वयात तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आला तरच हा आजार सहसा होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या घराण्यांत अशा आजारांची शक्यता वाढते. आपल्या बिरादऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. पण वॉर्डात गाल धरून बसलेल्या रांगेचं कारण ही दुर्मीळ घराणी नाहीत. २०२०च्या अंदाजानुसार जगात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३,७७,००० नवे रुग्ण होते आणि त्यांतले सुमारे १,३५,००० एकट्या भारतात. भारतातल्या साऱ्या धर्मांच्या, जातींच्या, भाषांच्या माणसांना एकत्र बांधणारा असा कोणताही जनुक नाही. त्यांना बांधणारी गोष्ट पानटपरीवर टांगलेली आहे.

म्हणजे ऐंशी वर्षं जगलेल्या आजोबांना नशिबाने चांगली विकरं मिळाली असतील, किंवा त्यांच्या गालातली शाई नेमक्या ओळीवर सांडली नसेल. त्यांची नातवंडं मात्र त्यांच्या जनुकांचा अर्धाही वाटा घेऊन आलेली नाहीत, आणि ती खातात ती वस्तूही आजोबांची नाही.

पुडीचा इतिहास

कारण दरम्यान वस्तूच बदलली. आजोबांची तंबाखू चंचीत असायची. पान लावायला, चुना मळायला वेळ लागायचा. १९७०-८०च्या दशकांत सुपारी, कात, चुना, तंबाखू आणि सुगंध यांचं कोरडं मिश्रण छोट्या पुड्यांत आलं. दात लाल होणार नाहीत, थुंकदाणी लागणार नाही, शाळकरी मुलाच्या खिशातही मावेल, अशी ही पुडी. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर रात्रपाळीत झोप मारायला, रिक्षाच्या थांब्यावर, बांधकामावर ती सोबतीला आली. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, अशी तिची चुलत भावंडंही रुजली.

‘मी तंबाखू नाही खात, नुसता पान मसाला खातो,’ असं सांगणाऱ्यांनी सुपारीचाही इतिहास पाहावा. सुपारीमुळे तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. या विकाराची नोंद १९५२-५३ मध्ये झाली, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी हे तो सांगणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूशिवायही, कॅन्सरकारक म्हणून जाहीर केलं.

महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखाबंदी केली. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या नियमांखाली पुन्हा बंदी आली. मग सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी, अशा दोन पुड्या मिळू लागल्या; गिऱ्हाईक तोंडात त्यांचा गुटखा करतं. जहांगीरच्या बंदीचं जे झालं, त्याहून हे फार वेगळं नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते.

बंदी हरली तरी माणूस हरत नाही, याचाही पुरावा आहे. मेहतांच्या त्याच पथकाने एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६,००० लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन समजावणं, तोंड तपासणं, पुन्हा जाणं, एवढंच. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत दिसलं, की अशा गावांत जास्त लोकांनी सवय सोडली आणि कॅन्सरच्या आधी येणारे पांढरे चट्टे कमी उगवले. त्यांचे जनुक कुणी बदलले नव्हते. रमजानमध्ये सहरीपासून इफ्तारपर्यंत पुडीला हात न लावणारे हजारो लोक आपल्या मोहल्ल्यांत आहेत. चौदा तास जे जमतं, त्याची मुदत वाढवायला मदत लागते, आणि मशिदीच्या कट्ट्यावरून, तालमीतून, शाळेतून ती देता येते.

आजार झालाच, तर लवकर जाणं हेच अजून तरी सर्वांत मोठं शस्त्र आहे. गाठीतले जनुक वाचून प्रत्येकाला वेगळा उपचार देण्याचं काम पुढे सरकतं आहे. पण सगळ्यात उपयोगी ठरलेल्या अभ्यासांपैकी एक साध्या शस्त्रक्रियेचा आहे, आणि तोही परळचाच. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवलं, की सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण जिवंत असतात. त्या गाठी दिसेपर्यंत थांबलं, तर ६७.५ टक्के. हा फायदा मिळतो तो सुरुवातीच्या टप्प्यात दवाखान्याची पायरी चढणाऱ्याला.

म्हणून आरशासमोर उभं राहून तोंड उघडून बघा. तीन बोटं उभी आत जातात का? गालात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, तिखट लागताच होणारी आग, मानेत लागणारी गाठ, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा. आणि कुणी ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणालं, तर त्याला विचारा, की पुडी कुणी विकत घेतली?